पेन्शनीत परदेश

भारतीय पासपोर्टचं पुस्तक नाशिकरोडला छापलं जातं. इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२०च्या दशकापासून टपाल तिकिटं आणि मुद्रांक छापले जात आले आणि पुढे पासपोर्टही. शेजारीच नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आहे. त्यामुळे परदेशाची कागदपत्रं ही नाशिककरांना अपूर्वाईची गोष्ट नाही. अपूर्वाई आहे ती गेल्या काही वर्षांत कानावर येऊ लागलेल्या एका प्रश्नाची. प्रेस, ओझरचं एचएएल, एकलहऱ्याचं वीजकेंद्र, सातपूर-अंबडच्या कंपन्या यांतून निवृत्त झालेली माणसं सकाळच्या फेरीत एकमेकांना विचारू लागली आहेत, की थायलंडमध्ये किंवा श्रीलंकेत म्हणे आपल्या पेन्शनीत राहता येतं, खरं का?

प्रश्न रास्त आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा साता समुद्रापार आहेत. घर रिकामं आहे, हातपाय चालताहेत आणि आयुष्यभर पाहायची राहून गेलेली दुनिया समोर आहे. हौस म्हणून ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण ‘तिथे भाडं किती, भाजी किती’ असं शोधायला जातात आणि तिथेच फसतात. भाजीचा भाव हा या हिशोबातला सगळ्यात छोटा आकडा आहे.

उतारवयात गाव बदलणं आपल्याकडे नवं नाही. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई मुलाशी, म्हणजे थोरल्या माधवरावांशी पटेनासं झाल्यावर पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या आणि १७८८ साली नाशिकलाच वारल्या. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा इंग्रजांची पेन्शन घेऊन काशीला जाऊन राहिले. त्यांच्याच पदरी मोरोपंत तांबे होते आणि म्हणून झाशीच्या राणीचा जन्म काशीचा. सामान्य घरांतली म्हातारी माणसंही काशीवासाला जात. तो प्रवास आजच्या परदेशवारीपेक्षा कितीतरी खडतर होता. पण काशीत घाटांवर मराठी वस्ती होती, ओळखीचे पंडे आणि उपाध्ये होते, अन्नछत्रं होती. पुण्याहून निघालेल्या विधवेला तिथे पोहोचल्यावर कुणाच्या दारात जायचं हे निघतानाच ठाऊक असे.

आणि खुद्द नाशिक? मुंबईकरांनी निवृत्तीसाठी निवडलेलं हे गाव आहे. देवळालीच्या कोरड्या हवेसाठी पारशी आणि गुजराती कुटुंबांनी तिथे बंगले आणि आरोग्यधामं बांधली. नंतर दादर-डोंबिवलीच्या मध्यमवर्गाने मुंबईची जागा विकून इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा इथे फ्लॅट घेतले. त्यांनी हे का केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. मुंबईतल्या पैशात इथे मोठी जागा आली आणि उरलेली रक्कम ठेवीत गेली. भाषा तीच, बँक तीच, पेन्शनही त्याच खात्यात. शिवाय सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईच्या आपल्या जुन्या डॉक्टरला दाखवून रात्री घरी परतता येतं. पैसा पुरणं, त्याची किंमत न घसरणं आणि परतीची वाट रोज उघडी असणं, या तीन गोष्टी जुळल्या म्हणून त्यांचं स्थलांतर निभावलं. परदेशाचा विचार करणाऱ्या नाशिककराने हीच कसोटी लावावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी हातातला पैसा मोजू. ‘बेताचं बजेट’ म्हणजे नेमकं किती, हे कागदावर आल्याशिवाय पुढची चर्चा पोकळ राहते. कंपनीतून निवृत्त झालेलं एखादं जोडपं धरा. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि थोडी शिल्लक मिळून ४५ लाख हाताशी आहेत. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. एका व्यक्तीला तेवढीच मर्यादा आहे. २०२५ मध्ये तिथे ८.२ टक्के व्याज होतं, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला साडेवीस हजार. उरलेले १५ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे ठेवले, तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये येतात. दोन्ही मिळून तीस हजारांना थोडे कमी. यात भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेची पेन्शन मिळवा. ती किती तुटपुंजी असते हे सातपूरच्या कामगाराला सांगायला नको. २०१४ पासून तिची किमान रक्कम हजार रुपये ठरली आहे, आणि १५,००० च्या वेतनमर्यादेत ३५ वर्षं भरली तरी सूत्राप्रमाणे ७,५०० च्या आसपासच येते. सरकारी पेन्शनीसारखा महागाई भत्ता तिला नाही. म्हणजे हे जोडपं महिन्याला ३३ ते ३६ हजारांत आहे. स्वतःच्या फ्लॅटमध्ये, नाशिकात, या पैशात अब्रूने आणि दोन वेळचं चांगलं खाऊन राहता येतं. आता हाच आकडा घेऊन एकेका देशाचं दार ठोठावू.

थायलंडचं दार सगळ्यात जास्त गाजलेलं. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला तिथे निवृत्त म्हणून वर्षावर्षाच्या मुदतीने राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाथ ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५,००० बाथचं उत्पन्न दाखवावं लागतं. हे उत्पन्न रुपयांत दीड लाखाच्या वर जातं, तेव्हा तो रस्ता बंद. ठेवीचा रस्ता म्हणजे वीस लाखांहून जास्त रक्कम परदेशी बँकेत अडकवणं. मुदतवाढ मिळाल्यावरही पहिले तीन महिने ती पूर्ण ठेवावी लागते आणि नंतरही ४ लाख बाथच्या खाली जाऊ द्यायची नाही. वर दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारदरबारी कळवायचा. आपल्या जोडप्याच्या ४५ लाखांतले वीस लाख असे निघून गेले, तर महिन्याच्या व्याजाचा जवळजवळ निम्मा भाग तिथेच संपला. चिआंग माईत जेवण स्वस्त आहे हे खरं असलं, तरी त्या स्वस्ताईत शिरण्याचं तिकीट महाग आहे.

श्रीलंकेचा निवृत्तांसाठीचा व्हिसा ५५ वर्षांपुढच्यांना मिळत आला आहे. १५,००० डॉलर ठेव, दरमहा १,५०० डॉलर बाहेरून आणायचे आणि सोबतच्या जोडीदाराचे ७५० वेगळे. डॉलर ८५ रुपये धरला तरी दोघांचे महिन्याला एक लाख नव्वद हजार होतात. मॉरिशसही पन्नाशीपुढच्या परदेशी निवृत्तांना घेतो, पण महिन्याला दीड-दोन हजार डॉलर देशात आणण्याची अट घालतो. मॉरिशसबद्दल वाईट वाटतं, कारण ते दार उघडं असतं तर मराठी माणसाला तिथे परकं वाटलं नसतं. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कोकणी मजुरांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवून घेतात, शाळेत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. पोर्तुगालचा निवृत्तांना लागू पडणारा डी-सेव्हन व्हिसा तिथल्या किमान वेतनाइतकं बसल्या जागचं उत्पन्न मागतो. २०२५ साली ते महिन्याला ८७० युरो होतं, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणखी. म्हणजे दोघांना सव्वा लाख रुपयांच्या वर. युरोपीय पेन्शनरच्या दृष्टीने ही मामुली अट आहे. ती त्याच्यासाठीच बेतलेली आहे.

मलेशियाची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगायला हवी. ‘मलेशिया माय सेकंड होम’ या योजनेत हजारो परदेशी लोक पन्नाशीनंतर जाऊन राहिले. आधी पन्नाशीपुढच्यांना दीड लाख रिंगिट ठेव आणि महिन्याला १०,००० रिंगिट उत्पन्न पुरत असे. २०२१ मध्ये सरकारने नियम एकदम आवळले. उत्पन्नाची अट ४०,००० वर गेली, ठेव दहा लाख रिंगिटवर. २०२४ मध्ये पुन्हा नवी रचना आली. तिच्यातल्या मुख्य वर्गांपैकी सगळ्यात खालच्यालाही दीड लाख अमेरिकी डॉलर ठेव आणि ६ लाख रिंगिटच्या घराची सक्ती आहे. दुसऱ्या देशाने दिलेला निवृत्तीचा व्हिसा म्हणजे मेहेरबानी असते, हक्क नव्हे. सत्तरीत तुम्ही घर विकून तिथे स्थिरावलात आणि बहात्तराव्या वर्षी नियम बदलला, तर दाद मागायला जागा नाही. म्हणून एक गोष्ट मी ठासून सांगतो. नाशिकचं घर विकू नका. भाड्याने द्या, कुलूप लावा, भाच्याला वापरायला द्या, पण विकू नका.

व्हिसाचं दार कसंबसं पार केलं, तरी रुपयाचा प्रश्न उरतो आणि माझ्या मते तो सगळ्यात गंभीर आहे. २००० साली डॉलर ४५-४६ रुपयांना होता. २०१० मध्येही जवळपास तेवढाच, म्हणून त्या दशकात निवृत्त झालेल्यांना घसरणीची जाणीव झाली नाही. २०२४ च्या अखेरीस तो ८५ वर पोहोचला. २०१० मध्ये दरमहा ३०,००० रुपये व्याजावर परदेशात राहायला गेलेल्या माणसाला तेव्हा साडेसहाशे डॉलर मिळत होते. तेच ३०,००० रुपये २०२४ मध्ये त्याला साडेतीनशे डॉलर देतात. बाथचंही तसंच. २०१० साली दीड रुपयाच्या आसपास असलेला बाथ २०२४ संपताना अडीच रुपयांच्या घरात होता. शिवाय तिथली महागाई वेगळी. नोकरीत असताना रुपया पडला तर पगारवाढ थोडंफार सांभाळून घेते. बचत योजनेचं व्याज मात्र पाच वर्षांसाठी जिथे ठरलं तिथेच राहतं. रुपयात कमाई आणि दुसऱ्याच चलनात खर्च, अशी वीस वर्षं काढायची असतील, तर पेन्शन आज दुप्पट वाटली पाहिजे. तेव्हा कुठे शेवटी ती पुरेल.

हे सगळं बाजूला ठेवल्यावर नकाशावर एक देश उरतो, आणि गंमत म्हणजे त्याची ओळख नाशिकशी जुनी आहे. नेपाळने १९४५ साली पहिल्यांदा कागदी नोटा काढल्या, त्या छापल्या गेल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, ये-जा करण्याची मुभा आहे. भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही आणि राहण्याची मुदत घातलेली नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं. ६५ वर्षांपुढच्यांना आधार कार्डावरही सीमा ओलांडता येते. आणि नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे. तुमचे १०० रुपये तिथे १६० होतात, आणि गेली तीस वर्षं तसेच होत आले आहेत. डॉलर कुठेही जावो, नाशिकच्या पोस्टातलं व्याज नेपाळातल्या पोखरा शहरात आकसत नाही. सध्याच्या नियमांत, तीस-पस्तीस हजारांत जगणाऱ्या मराठी जोडप्याला खऱ्या अर्थाने परवडणारा परदेश हा एवढाच आहे, असं मी हिशोबाअंती म्हणतो. भूतानचं चलनही रुपयाबरोबर चालतं, पण भारतीय पर्यटकाला तिथे रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. दोघांचे महिन्याला ७२,००० त्यातच गेले.

भारतीय पेन्शनीत नेपाळात म्हातारपण काढता येतं याचा पुरावा दुसऱ्या बाजूने आधीच तयार आहे. भारतीय सैन्याच्या गोरखा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले जवान पोखरा, धरान, काठमांडूच्या आसपास आपापल्या गावी राहतात, आणि त्यांची पेन्शन देण्यासाठी भारत सरकारची कार्यालयं या तिन्ही ठिकाणी आहेत. देवळालीच्या लष्करी वस्तीला हे नवं नाही. फरक एवढाच, की त्यांचं घर, शेत आणि भाऊबंद तिथे आहेत. तुम्ही भाडेकरू म्हणून जाणार. १९५०च्या करारात मालमत्तेचा उल्लेख असला तरी व्यवहारात भारतीयाला नेपाळमध्ये जमीन विकत घेता येत नाही. ‘कुणाच्या तरी नावावर घेऊ’ असं सुचवणारा दलाल भेटला, तर त्याच्याशी पुढचं बोलणंच नको.

आता पोखऱ्याला जायचं कसं ते पाहू. नाशिकरोडहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या आहेत. कुशीनगर एक्सप्रेसने दिवसाहून थोडा जास्त प्रवास. गोरखपूरहून बसने सीमेवरचं सोनौली. तिथे रस्त्यावर एकापाठोपाठ दोन कमानी आहेत. हातगाड्या, सायकली, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, शाळेतून परतणारी मुलं एका देशातून दुसऱ्यात चालत जातात. पलीकडच्या पाट्या देवनागरीत आहेत, त्यामुळे औषधाचं दुकान, दवाखाना, बँक वाचायला अडचण नाही. घड्याळ मात्र पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. पलीकडच्या भैरहवाहून, बुटवल आणि तानसेनच्या घाटांतून, पोखऱ्याला पोहोचायला पूर्ण दिवस मोडतो आणि गुडघे दुखणाऱ्याला तो दिवस जड जातो. पोखरा समुद्रसपाटीपासून आठशे-साडेआठशे मीटरवर आहे, म्हणजे नाशिकपेक्षा थोडंच उंच. हिवाळा सोसवेल असा. पावसाळा मात्र नाशिकच्या कल्पनेपलीकडचा, कारण नेपाळातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांत पोखरा मोडतं. संधिवात आहे त्याने जुलै-ऑगस्टमध्ये जाऊन पाहावं. ऑक्टोबरमधल्या स्वच्छ आकाशात अन्नपूर्णेची शिखरं पाहून कुणीही हो म्हणेल, पण ती परीक्षा नव्हे.

पोखरा नाशिकहून फार स्वस्त आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बिस्किटापासून औषधापर्यंत बराच माल भारतातूनच सीमाशुल्क देऊन जातो, त्यामुळे तुमच्या सवयीच्या वस्तू तिथे इथल्यापेक्षा स्वस्त असणार नाहीत. फेवा तळ्याकाठच्या पर्यटकी वस्तीपासून दूर, गावाच्या जुन्या भागात भाडं उतरतं. स्थानिक तांदूळ, डाळ, पालेभाजी, दूध यांवर घर चाललं तर पैसे पुरतात. बाहेर खाल्लं तर पुरत नाहीत. पैसे नेण्याचा त्रास मात्र खूप कमी झाला आहे. भारतातल्या बँकेतून एनईएफटीद्वारे नेपाळ एसबीआय बँकेमार्फत एका व्यवहारात दोन लाखांपर्यंत पाठवता येतात, आणि मार्च २०२४ पासून नेपाळातल्या अनेक दुकानांत भारतीय यूपीआयने क्यूआर कोडवर पैसे देता येतात. नाशिकच्या खात्यातून पोखऱ्याच्या किराणा दुकानात थेट.

धोकेही सांगायला हवेत. एप्रिल २०१५ च्या भूकंपाने काठमांडू आणि आसपासचा भाग उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सीमेवरची वाहतूक अडली आणि नेपाळात गॅस, पेट्रोल, औषधं यांची भयंकर टंचाई झाली. रोज इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात सरकार कोसळलं. अशा वेळी तीन महिन्यांची औषधं घरात आणि परतीचे पैसे हाताशी असणं, ही चैन मानू नये.

आजारपणाबद्दल तर स्पष्टच बोलायला हवं. साठीत निरोगी असलेली माणसं देश निवडताना साठीतलंच शरीर धरून निवडतात. निवड करायची ती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षाच्या शरीरासाठी. आपला नेहमीचा मेडिक्लेम भारताबाहेरच्या उपचाराला सहसा लागू नसतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू लागलं, उत्पन्नाची अट नाही. पण ते भारतातल्या रुग्णालयांपुरतं. म्हणजे सत्तरीनंतर भारतात राहणं आणि बाहेर राहणं यांत पाच लाखांच्या उपचाराचा फरक पडला. पोखऱ्यात मणिपाल टीचिंग हॉस्पिटल आहे, काठमांडूत शहीद गंगालाल हृदयरोग केंद्र आहे. तातडीचे उपचार होतात. पण अँजिओप्लास्टी, सांधेबदल, केमोथेरपी अशा ठरवून करायच्या उपचारांसाठी नाशिकला परतायचं, हे निघतानाच ठरलेलं बरं. आणि डिमेन्शियाची पहिली लक्षणं दिसली, की परदेशातला मुक्काम हलवायचा. विसरायला लागलेल्या माणसाला गल्ली ओळखीची लागते.

मुलं अमेरिकेत आणि आपण तिथेच, हा अनेकांचा परदेश. त्यात बजेटचा प्रश्न मुलांच्या खिशाशी जोडलेला असतो, म्हणून इथे थोडक्यात. पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. मूल नागरिक झालं तर आईवडिलांना कायम राहता येतं, पण ६५ नंतर मेडिकेअरसाठी पाच वर्षांचं कायम वास्तव्य हवं आणि आयुष्यभर तिथे काम न केलेल्याला त्याचा हप्ताही मोठा. कॅनडाच्या सुपर व्हिसावर सलग पाच वर्षं राहता येतं, मात्र एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. ऑस्ट्रेलियात वृद्ध पालकांच्या साध्या व्हिसाची रांग तीस वर्षांच्या घरात गेली आहे. ब्रिटनने २०१२ मध्ये ते दार जवळपास बंदच केलं. मुलांकडे राहायचं तर महिन्यांच्या हिशोबाने जावं, वर्षांच्या नव्हे. नातवंडं शाळेत, सून-मुलगा कामावर आणि गाडीशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नाही, अशा घरात ताई आणि भाऊसाहेब दिवसभर काय करणार, हे आधी बोलून घ्यावं.

मला विचाराल तर बेताच्या पैशात सगळ्यात शहाणपणाचा मार्ग निम्म्या-निम्म्याचा आहे. वर्षातले चार-पाच महिने बाहेर, बाकी नाशिकात. त्यात कायद्याचीही सोय आहे. भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर करासाठी तुम्ही निवासी राहता. अनिवासी झालात, की बचत खातं अनिवासींसाठीच्या एनआरओ खात्यात बदलावं लागतं (नेपाळ-भूतानला गेलेल्यांना ही अट नाही) आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. व्याजावर कर कापू नका, असा जो फॉर्म आपण दरवर्षी बँकेत भरून देतो, तोही चालत नाही. एनआरओ ठेवीच्या व्याजातून तीस टक्के आधीच कापले जातात, मग विवरणपत्र भरून परतावा मागायचा. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला जी करसवलत मिळते, तीही फक्त निवासी व्यक्तीला. थोडक्यात, आपल्या जोडप्याचा कर आज शून्य आहे. सतत बाहेर राहिल्यास पैसे आधी कापले जातील आणि मागून मिळवावे लागतील. चार महिने पोखऱ्यात राहणाऱ्याला यातलं काहीच लागू होत नाही.

या चार महिन्यांचं पहिलं वर्ष प्रयोगाचं धरावं. हॉटेलात नव्हे, भाड्याच्या खोलीत, आणि शक्यतो वाईट ऋतूत. स्वयंपाक स्वतः करायचा, रक्तदाबाची गोळी गल्लीतल्या दुकानातून आणायची, एकदा तरी तिथल्या डॉक्टरला साध्या खोकल्यासाठी दाखवायचं, वीज गेल्यावर काय होतं ते पाहायचं. दोघांपैकी एकटीला किंवा एकट्याला बाजारात जाऊन परत येता येतं का, हेही तपासायचं. हा मुद्दा पुरुष विसरतात. बहुतेक घरांत परदेशाची कल्पना काकांची असते आणि तिथे एकटं राहण्याची पाळी पुढे काकूंवर येते. त्यांचा होकार आधी हवा, आणि तो त्या खोलीत महिनाभर राहून झाल्यावरचा हवा.

निघण्यापूर्वीची कागदपत्रं हा कंटाळवाणा भाग, पण नाशिकात बसून तो दोन आठवड्यांत उरकतो आणि बाहेरून तो वर्षभरातही उरकत नाही. सगळी खाती दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीची. प्रत्येक ठेवीवर वारस नोंदलेला. हयातीचा दाखला आता आधारच्या चेहरा-ओळखीवर मोबाइलमधून देता येतो, पण ते ॲप इथेच एकदा चालवून पाहायचं, आणि आधारशी जोडलेला नंबर परदेशात चालू राहील असा रिचार्ज ठेवायचा, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा. महापालिकेची घरपट्टी आणि सोसायटीचा मेंटेनन्स भरायला विश्वासातल्या एकाला मर्यादित कुलमुखत्यारपत्र द्यायचं, ज्यात घर विकण्याचा अधिकार नसेल. मृत्युपत्र केलेलं हवं. आणि दोघांनी मिळून एक गोष्ट लिहून ठेवायची. बाहेर असताना एक जण गेला, तर अंत्यसंस्कार तिथेच करायचे की नाशिकला आणायचं, रामकुंडावर अस्थी कोण नेणार, आणि मृत्यूचा दाखला तिथल्या कार्यालयातून घेऊन गरज पडल्यास भारतीय दूतावासाचा शिक्का कोण मिळवणार. तो दाखला भविष्य निर्वाह निधी कार्यालयात पोहोचल्याशिवाय मागे राहिलेल्या जोडीदाराची निम्मी पेन्शन सुरू होत नाही, म्हणून त्याच्या चार प्रती काढायच्या आणि एक नाशिकला मुलाकडे किंवा भाच्याकडे पाठवायची.